मामावर गेलेलं मूल

दिवाळी तोंडावर आली होती. पाथर्डी तालुक्यातल्या त्या वस्तीवर मुकादमाची उचल घेऊन झाली होती आणि सण झाला की निम्मी घरं ऊसतोडीला निघणार होती. म्हणून शाळेतली तपासणी त्याआधी उरकायची ठरली. तिसरीतल्या एका मुलाला गुरुजींनी हाताला धरून माझ्यापुढे आणलं. वय नऊ. हजेरी चांगली, पण अजून अक्षरओळख नाही आणि दहापर्यंतचे अंकही येत नाहीत. बोलायला लागला की एकच वाक्य भराभर चार-पाच वेळा म्हणायचा. ‘इकडे बघ’ म्हटलं की मान फिरवायचा आणि दोन्ही पंजे पाखरासारखे फडफडवायचा. चेहरा लांबट, कान मोठे. गुरुजी म्हणाले, “डॉक्टर, हा मामावर गेलाय. बदलीच्या आधी मी याच्या आजोळी होतो. याचा मामा माझ्याच वर्गात होता, तोही असाच.”

मूल मामावर गेलं, आत्यावर गेलं, हे आपण रोज म्हणतो, नाकाबद्दल म्हणतो, हट्टाबद्दल म्हणतो. गुरुजींनीही ते सहजच म्हटलं होतं. पण त्या मुलाच्या निदानाची निम्मी वाट त्या वाक्यात होती, आणि नऊ वर्षांत ते वाक्य कुणी कुठल्या दवाखान्यात बोललं नव्हतं, कारण तिथं कुणी विचारलंच नव्हतं.

मुलाबरोबर आजी आली होती, आईची आई. लेक-जावई तोडीला गेले की नातू तिच्याजवळ राहतो. मी एका जादा फॉर्मची कोरी बाजू घेतली आणि वंशावळ काढायला लागलो. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन आणि ज्याला त्रास त्याचा आकार पेन्सिलीनं भरून टाकायचा, एवढंच ते शास्त्र. आजी पेन्सिलीकडे बघत बोलत होती. पाच लेकरं झाली, दोन लहानपणीच गेली. उरलेल्यांत थोरली ही मुलाची आई, मग गुरुजींच्या वर्गातला तो मुलगा, मग धाकटी. “मेंढरामागं जायचा, पर हिशेब न्हाई आला त्याला कंदी.” बहीण एकच, नेवाशाला दिलेली. त्या बहिणीची नातवंडं? आजी जरा थांबली. “तिच्या लेकीचं पोरगं बी शाळंत रमत न्हाई. असं करतंय,” म्हणाली आणि स्वतःचे सुरकुतलेले पंजे तिनं हवेत हलवून दाखवले.

मग तिच्या वडिलांबद्दल विचारलं. शहाणा माणूस, गावात चार लोक त्याला विचारून चालायचे. साठीनंतर मात्र हात थरथरायला लागले, पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत जाईना, चालताना झोक जायचा. आणि शेवटची गोष्ट तिनं मला सांगितली नाही, बरोबरच्या सिस्टरना हळू आवाजात सांगितली: तिची पाळी पस्तिशीच्या आतच गेली होती.

नातवाचे फडफडणारे हात, वडिलांचे थरथरणारे हात, आजीची लवकर गेलेली पाळी. या तीन गोष्टी एकाच घरातल्या आहेत, यापलीकडे त्यांचा काही संबंध असेल असं कुणाला वाटेल? पण तो संबंध आहे. एक्स गुणसूत्रावर एफएमआर-वन नावाचं एक जनुक असतं. त्याच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांमध्ये ती पंचेचाळीस वेळांच्या आत येतात. काही घराण्यांत ही पुनरावृत्ती ५५ ते २०० पर्यंत गेलेली असते. अशी माणसं बुद्धीनं चांगली असतात, फक्त त्यांतल्या काही पुरुषांना उतारवयात कंप सुटतो, तोल जातो आणि काही बायकांची पाळी लवकर थांबते. हे जनुक आईकडून मुलाकडे जाताना ही रांग आणखी लांबू शकते. २०० च्या पुढे गेली की जनुकच बंद पडतं आणि मेंदूला हवं असलेलं एक प्रथिन तयार होत नाही. या आजाराला फ्रॅजाइल एक्स म्हणतात. एका जनुकामुळे वंशपरंपरेनं येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचं जगभरातलं हे सर्वांत मोठं कारण आहे. मुलग्यांना एकच एक्स असल्यानं त्यांना याचा फटका जास्त बसतो, मुलींना बहुधा सौम्य. जनुक सापडलं १९९१ मध्ये. म्हाताऱ्यांच्या थरथरीशी त्याचा असलेला संबंध लक्षात यायला आणखी दहा वर्षं गेली.

रक्ताचा अहवाल काही आठवड्यांनी आला. रांग दोनशेच्या पुढे होती.

पणजोबा आपल्या एक्सवरची ही रांग सगळ्या मुलींना देतो, मुलग्यांना कधीच देत नाही आणि मुलींना देतानाही ती पूर्ण लांबीची होत नाही. म्हणून दोन्ही बहिणी धडधाकट राहिल्या, सासरी गेल्या, आणि त्यांच्या पोटी पुढच्या पिढ्यांत मुलं अशी निघाली. या मुलाच्या आईला नऊ वर्षं काय काय ऐकावं लागलं होतं! ग्रहणात काहीतरी चिरलं असेल. गरोदरपणी पडली होती, सांगितलं नाही. कुणीतरी केलंय. आणि शेवटी सगळ्याचा अर्थ एकच, की तिच्या पोटाचा दोष. अहवाल समजावताना मी ‘हे आईकडून आलं’ या वाक्यानं सुरुवात केली असती तर त्या घराला विज्ञानाच्या शिक्क्यासह तोच दोष परत मिळाला असता. म्हणून कागद पुढे ठेवला आणि बोट सगळ्यात वर, पणजोबाच्या चौकोनावर ठेवलं. ज्याला आपण काय घेऊन चाललोय हे कधी कळलं नाही, ज्यानं कुणाचं वाईट केलं नाही, तिथून हे खाली उतरलंय. आजी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत होती.

या पुस्तकातली पुढची प्रकरणं वाचण्याआधी वाचकानं हा कागद डोळ्यांपुढे ठेवावा. आपल्याकडच्या नामावळ्यांत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत, मुलगा, नातू, पणतू अशी पुरुषांची ओळ खाली उतरत जाते. लेक सासरी गेली की त्या ओळीतून बाहेर पडते. आनुवंशिकीला मात्र तिचं माहेर हवं असतं, तिची मावशी, मावशीची नातवंडं, जगली नाहीत ती बाळंसुद्धा. ही माहिती घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडे असते. ज्यांच्यावर दोष ठेवला जातो, कारणाचा धागाही त्यांच्याच हातात असतो. इतक्या वर्षांच्या कामातून माझ्या पदरात हे एक ठाम पडलं आहे.

पाथर्डी ज्यात येतं तो नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा: १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांवर माणसं. एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाण जगभर लोकसंख्येच्या एक ते तीन टक्के धरतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत अशी मुलं आहेतच, कुणी ओळखलेली, बरीचशी ‘अप्रगत’ या रकान्यात टाकलेली. गावात त्यांना खुळं म्हणतात, येडं म्हणतात, थोडी माया असेल तर भोळं म्हणतात. ‘मतिमंद’ हा शब्द आपल्या कितीतरी शाळांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तो मागे टाकला, या पुस्तकानंही टाकला आहे. पाट्याही बदलाव्यात असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत ओळखीचं कारण म्हणजे डाऊन सिंड्रोम. इंग्लंडच्या जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं, पण कारण कळायला १९५९ साल उजाडलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ असतात हेच मुळात १९५६ मध्ये नक्की झालं होतं. ती मोजायची तर पेशी विभागायला निघालेली असताना, ऐन मध्यावर थांबवावी लागते, आणि त्यासाठी वापरतात कोल्चिसिन किंवा त्याच जातीचं रसायन. श्रावण-भाद्रपदात अकोल्याच्या डोंगरांत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिच्या विषारी कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीसाठी जिचं नाव घ्यायचे, त्या वेलीतलं विष आज बाळाची गुणसूत्रं मोजायला उपयोगी पडतं. मला हे प्रत्येक वेळी नवलाचं वाटतं.

डाऊनच्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन असतात. हा बीजपेशी तयार होतानाचा अपघात असतो. आईच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते, विशीत साधारण पंधराशेत एक तर चाळिशीत शंभरात एक. तरीही आपल्या भागात डाऊनच्या मुलांच्या बहुतेक आया तरुणच दिसतात, कारण बाळंतपणंच तरुण वयात होतात. ‘वय झालेल्या बाईलाच असं मूल होतं’ या समजापायी तरुण आईचं बाळ कित्येकदा वर्षभर ओळखलंच जात नाही.

उरलेल्या पाचांतल्या तीन-चार मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. प्रॅक्टिस नवीन होती. एक तान्हं बाळ आणलं. चपटं नाक, तिरके डोळे, तळहातावर एकच आडवी रेघ, अंग मऊ पडलेलं. चेहऱ्यावरून निदान स्पष्ट होतं. घरची गरिबी बघून मी म्हणालो, गुणसूत्रांच्या तपासणीत पैसे घालू नका, ती करून वेगळं काही हाती येणार नाही. तीन वर्षांनी त्याच बाईची धाकटी बहीण आपलं बाळ घेऊन आली. तोच चेहरा. या वेळी तपासणी केली. चौदाव्या गुणसूत्राला एकविसावं चिकटलेलं होतं, आणि दोघी बहिणींची स्वतःची गुणसूत्रं मोजली तर ४६ ऐवजी ४५ भरली, दोन जोडली गेल्यामुळे. दोघी पूर्ण निरोगी, पण प्रत्येक बाळंतपणात असं मूल होण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा. पहिल्याच वेळी मी तो कागद मागवला असता तर धाकटीला गरोदर राहण्याआधी सगळं माहीत असतं. काय करायचं ते तिनं ठरवलं असतं. मूल हवं म्हणाली असती, तपासण्या करते म्हणाली असती, तो तिचा निर्णय. पण तो घेण्याची संधी माझ्यामुळे गेली. तेव्हापासून चेहरा कितीही बोलका असला तरी मी तपासणी लिहितो, आणि या पुस्तकातही ते दोनदा छापायला सांगितलं आहे.

एक व्यवहाराची गोष्ट इथंच सांगतो. गुणसूत्रं मोजायची तर रक्तातल्या पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. हे रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत जातं, बर्फात गोठवायचं नसतं आणि पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत लवकर द्यायचं असतं. फ्रॅजाइल एक्ससारखी जनुकाची तपासणी जांभळ्या झाकणाच्या नळीतून होते, ती प्रवासात जास्त टिकते. एकाच्या अहवालावरून दुसऱ्याचं निदान होत नाही. गुणसूत्रं ४६ आली म्हणजे ‘आनुवंशिक काही नाही’ असं सांगून परत पाठवलेली फ्रॅजाइल एक्सची मुलं मी पाहिली आहेत.

नात्यातल्या लग्नांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना कुणाला आपल्या घराण्यावर बोट ठेवल्यासारखं वाटू नये. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात नोंदवलं आहे की महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा. इथं मामाची मुलगी केलेली चालते. आजही लग्न ठरताना तिचं नाव आधी निघतं. सख्ख्या आते-मामे भावंडांत आठव्या हिश्शानं जनुकं सारखी असतात. प्रत्येक माणूस काही बिघडलेली जनुकं गुपचूप बाळगून असतो. जोडीतली दुसरी प्रत चांगली असते म्हणून काही होत नाही. नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असली की तीच बिघडलेली प्रत दोघांकडून येण्याची शक्यता वाढते.

हे मी संगमनेर, राहुरीकडच्या गोठ्यांत बसून समजावतो तेव्हा फार बोलावं लागत नाही. तिथला दूधवाला शेतकरी गाय भरवताना मागची रेतनाची कांडी कुठल्या वळूची होती ते विचारतो. कालवडीला तिच्याच बापाची कांडी तो लावू देत नाही. का, तर वासरं कमजोर निघतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांतून फुले त्रिवेणी गाय तयार केली, ते त्याला माहीत असतं. माणसांची लग्नं गुरांसारखी ठरवावीत असं यातून म्हणायचं नाही. माणसांत प्रेम असतं, जमीन असते, दिलेला शब्द असतो. एवढंच, की हे ज्ञान त्याला परकं नाही. आकडेही भयंकर नाहीत. कुठल्याही शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात गंभीर काहीतरी असतं. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नांत ते साधारण दुप्पट होतं. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच. पण ज्या घरात आधीच एक मूल असं आहे, तिथं पुन्हा मामाकडेच सोयरीक करण्याआधी सल्ला घ्यायलाच हवा. फ्रॅजाइल एक्सचा मात्र नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही, ही गल्लत वारंवार होते.

कारण कळून उपयोग काय, उपचार थोडाच आहे, असं वाटणाऱ्यांना नॉर्वेच्या बोर्ग्नी एगेलँड या आईची गोष्ट सांगावीशी वाटते. तिची दोन्ही मुलं, लीव्ह आणि डाग, मागे पडत गेली. त्यांच्या अंगाला, लघवीला एक विचित्र वास यायचा. ती डॉक्टरमागून डॉक्टर फिरली. १९३४ मध्ये आस्ब्योर्न फॉलिंग यांनी तिचं ऐकून घेतलं, लघवीत एक रसायन टाकलं आणि ती हिरवी झाली. त्यातून फिनाइलकिटोन्युरिया हा आजार सापडला. आज तो जन्मतः ओळखला तर निव्वळ आहार बदलून बुद्धी वाचवता येते. तिच्या स्वतःच्या मुलांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण तो वास सगळ्यांत आधी तिनं ओळखला होता.

आपल्याकडे तो आजार विरळ. आपल्या उपयोगाची तपासणी थायरॉइडची. साधारण हजारातलं एक बाळ थायरॉइडचा रस कमी घेऊन जन्मतं. बहुतेकदा ग्रंथीच नीट बनलेली नसते, थोड्यांत दोष जनुकांचा असतो. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांबरोबर शाळेत शिकतं. गोळी स्वस्त आहे. उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. गोव्यानं २००८ मध्ये राज्यातल्या नवजात बाळांची टाचेच्या थेंबभर रक्तावरून तपासणी सुरू केली. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हावी, यासाठी मी हयातभर भांडायला तयार आहे.

सगळंच जनुकांवर ढकलू नये. उशिरा रडलेली बाळं, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, आयोडीनची कमतरता, ही कारणं आपल्या भागात अजून आहेत आणि ती टाळता येतात. शिवाय सगळ्या तपासण्या करूनही कितीतरी मुलांचं कारण सापडत नाही. बुद्धीशी संबंध असलेली जनुकं हजारावर आहेत. त्या आईबापांनी शिकवणं थांबवायचं का? मुंबईत जय वकील यांनी डाऊन असलेल्या आपल्या लेकीसाठी, दीनासाठी, १९४४ मध्ये शाळा काढली. डाऊनमधलं ते जादा गुणसूत्र सापडायला तेव्हा पंधरा वर्षं होती. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशींनी ‘कामायनी’ सुरू केली, तेव्हा फ्रॅजाइल एक्सचं नावही कुणाच्या कानावर नव्हतं. शिकवणं कारणाची वाट बघत नाही. कारण हवं असतं ते आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला, आणि तिच्या बहिणींना वेळेवर सांगायला.

आणि हे काम मोठ्या इस्पितळातूनच होतं असं नाही. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांनी बाळंतपणं सांभाळली, कुपोषण कमी केलं. अशी बाई वंशावळ काढू शकते, कदाचित माझ्यापेक्षा चांगली, कारण तिच्यापुढे सासुरवाशीण खरं बोलते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. त्या दिवशी गुरुजींनी ‘हा मामावर गेलाय’ हे वाक्य पथकातल्या डॉक्टरांना मोठ्यानं सांगावं. तोडीला जाणाऱ्या घरांसाठी ती तपासणी दिवाळीच्या आत व्हावी. दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, लाखाचा निरामय विमा, अठरानंतर लागणारं पालकत्व, यांची माहिती सातव्या प्रकरणात आहे.

पुस्तकाच्या शेवटी दोन पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. त्यांवर वंशावळ काढायची आहे. मुलापासून सुरुवात करा, मग आई, मग आईची आई, नंतर वडिलांची बाजू. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, दुपारची वेळ धरा, घरातले पुरुष बाहेर असले तर बरं. गेलेल्या बाळांची नावं विचारा, नाव ठेवलं नसेल तर नुसता महिना. पेन वापरू नका, पेन्सिल घ्या, कारण विसरलेलं एखादं लेकरू आजीला नेहमी शेवटी आठवतं आणि सगळी ओळ सरकवावी लागते. पाथर्डीच्या त्या आजीनं जाताना माझ्याकडून कागदाची एक नक्कल मागून घेतली होती. घडी करून तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. नेवाशाला बहिणीकडे न्यायची होती.